पिंजरा परत का आणला

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता हुबळीच्या केशवापुरातल्या नवलगुंदकर वकिलांच्या घरातून मांजर पळाले. पळण्याआधी ते पिंजऱ्यात होते, पिंजऱ्याच्या दोन्ही खिट्ट्या लावलेल्या होत्या आणि पिंजरा दिवाणखान्यात सोफ्यापाशी ठेवलेला होता. एवढ्या गोष्टींवर घरातल्या चौघांचे एकमत आहे. पुढच्या बहुतेक गोष्टींवर नाही.

पिंजरा म्हणजे मांजराला डॉक्टरकडे नेण्यासाठी मिळते ती प्लास्टिकची पेटी: वर मूठ, पुढे जाळीचे दार. मांजराचे नाव हुच्ची. कन्नडमध्ये हुच्ची म्हणजे वेडी. शेजारच्या मालतक्कांच्या स्कूटरच्या सीटखाली हे पिल्लू सापडले तेव्हा त्या हेच ओरडत होत्या, आणि अंबूताईंनी तेच नाव कायम केले. अंबूताई म्हणजे वकील दत्तात्रेय नवलगुंदकरांच्या थोरल्या बहीण. धारवाडच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. दत्तात्रेय विधुर आहेत, अजून रोज कोर्टात जातात. त्यांचा मुलगा श्रीहर्ष एका कंपनीचे काम घरून करतो. त्याच्या बायकोला, भार्गवीला, सहावा महिना आहे. हुच्ची या चौघांत राहते, पण खाते फक्त अंबूताईंच्या हातचे, आणि झोपते त्यांच्या पायाशी.

पंधरवड्यापूर्वी हुच्चीच्या पोटाखाली अंबूताईंच्या हाताला गाठ लागली. सुपारीएवढी, टणक. धारवाडच्या डॉ. नेत्रा यांना फोन केला. मांजरीच्या आचळांशी आलेली अशी गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते, लवकर काढली तर मांजर वाचते, म्हणून थांबू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते अंबूताईंनी स्वतः ऐकले. फोन स्पीकरवर होता.

तरीही हुच्चीला त्या पिंजऱ्यात घालून न्यावे हे अंबूताईंना नको होते. त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी घरातला बोका, बाळ्या, खाईनासा झाला म्हणून दत्तात्रेय त्याला याच पिंजऱ्यातून हुबळीतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले आणि रिकामा पिंजरा घेऊन परतले. बाळ्या तिथेच गेला, तिथेच मागे पुरला, असे त्यांनी सांगितले. मागे म्हणजे कुठे, हे अंबूताईंनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा उत्तर ‘मागे’ असेच आले. पुढे मालतक्कांच्या जावयाने तसाच पांढरा-काळा बोका नवनगरात पाहिल्याचे कानावर आले. तसे बोके पुष्कळ असतात. पण अंबूताईंनी ती गोष्ट मनातून काढून टाकली नाही.

दुसरे कारण ताजे होते. भार्गवीची आई, सरस्वतीबाई, धारवाडला केलगेरीला राहतात. मुलीला दिवस गेल्यापासून त्या रोज फोन करतात, आणि पोटुशी बाई असलेल्या घरात मांजर नको हे रोज सांगतात. भार्गवीच्या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे तसे नव्हते. मांजराची घाण भार्गवीने साफ करू नये, बाकी भिण्याचे कारण नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. सरस्वतीबाईंना ते पटले नाही. आणि डॉ. नेत्रांचे नाव सुचवले कोणी? सरस्वतीबाईंनी.

म्हणजे अंबूताईंपुढे प्रश्न असा होता: हुच्चीला नेले नाही तर गाठ तिला नेणार. नेले तर ती परत येईल याची खात्री देणारे घरात कोणी नव्हते.

मंगळवारी झाले ते असे. सकाळी श्रीहर्षने दिवाणखान्याची खिडकी लावली, टॉवेल घेतला आणि हुच्चीला कपाटामागून काढले. पिंजऱ्याच्या तोंडाशी येताच तिने चारी पाय चार दिशांना ताणले. छत्री उघडावी तशी ती दारात अडकली. श्रीहर्षच्या मनगटावर दोन लांब ओरखडे उठले. भार्गवीने दुरूनच, डॉ. नेत्रांनी फोनवर सांगितलेली युक्ती वाचून दाखवली: पिंजरा उभा करायचा, दार वर, आणि मांजर मागच्या पायांनी आत सोडायचे.

“म्हणजे पायाळू!” अंबूताई आपल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या. “चांगलंय. आता कोणाच्या कमरेत उसण भरली की हिचीच लाथ खायची.”

“आत्या, हसवू नकोस, सुटेल ती,” श्रीहर्ष म्हणाला.

सुटली नाही. मागचे पाय, पोट, पुढचे पाय, मग कान, असे करत हुच्ची आत गेली. दत्तात्रेयांनी खिट्ट्या लावल्या. गाडी तेच चालवणार होते, श्रीहर्ष पिंजरा मांडीवर घेऊन बसणार होता. दोघे फाटकापर्यंत पोचले आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मालतक्कांनी विचारले, “एल्लि होंटीरी, वकीलरे? बेक्क तगोंडु?” मांजर घेऊन कुठे निघालात, हा त्याचा सरळ अर्थ.

बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून विचारू नये हे पुष्कळ घरांत मानतात. या घरात ते पाळतात. दत्तात्रेय कोर्टाला निघाले आणि कोणी ‘कुठे’ म्हटले, की ते परत आत येतात, चपला काढतात, पाय धुतात, देवापुढची साखर तोंडात टाकतात, घोटभर पाणी पितात, जरा टेकतात आणि मग नव्याने निघतात. पक्षकार खोळंबला तरी यात फरक पडत नाही. आसपासच्या सगळ्यांना हे माहीत आहे.

“अप्पा, त्या कन्नडमध्ये विचारतायत,” श्रीहर्ष म्हणाला. “ते धरायचं नाही.”

“शकुनाला भाषा नसते. चल आत.”

“अहो, पण मांजर—”

“मांजर बसेल. पिंजऱ्यात आहे ना?”

पिंजरा सोफ्यापाशी ठेवला; लगेच निघायचे म्हणून पुढचे दार उघडेच राहिले. दत्तात्रेय मागच्या मोरीवर पाय धुवायला गेले. श्रीहर्ष पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच ओरखड्यांना हळद लावत बसला. भार्गवी झोपायच्या खोलीत होती, असे भार्गवी सांगते. अंबूताई आपल्या खोलीत होत्या, असे अंबूताई सांगतात. दत्तात्रेय तोंडात साखर घेऊन आले तेव्हा जाळीचे दार सताड उघडे होते आणि हुच्ची मालतक्कांच्या गच्चीच्या कठड्यावर बसून या घराकडे पाहत होती. दिवेलागणीला ती जेवायला परत आली.

खिट्ट्या तुटलेल्या नव्हत्या. दत्तात्रेयांनी त्या जेवणाच्या टेबलावर पुन्हापुन्हा लावून, काढून पाहिल्या. आतून पंजा घालून त्या निघत नाहीत. दोन बोटांनी चिमटा घ्यावा लागतो.

“ही खिट्टी माणसाने काढली,” ते म्हणाले.

“मग माणसं मोजा,” अंबूताई म्हणाल्या आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

गुरुवारी दुसरा प्रयत्न झाला. मालतक्कांना आदल्या दिवशीच बजावून ठेवले होते. त्यांनी हात जोडून सांगितले की चूक झाली, यापुढे वकीलसाहेब सामान बांधून काशीला निघाले तरी आपण तोंड उघडणार नाही. हुच्चीला या वेळी जास्त वेळ लागला. ती पलंगाखालच्या ट्रंकेमागे शिरली, श्रीहर्षने ट्रंक ओढली, ती फ्रिजवर गेली. शेवटी टॉवेलात गुंडाळून, पायाळूच, तिला आत घातले. दत्तात्रेय आणि श्रीहर्ष फाटकाशी आले. फाटकातून फुलवाली तानूबाई आत येत होती.

“कुठं चाललासा, सायेब?” तानूबाईने विचारले.

दत्तात्रेयांनी डोळे मिटले. श्रीहर्षने पिंजरा जवळजवळ आदळलाच.

“अप्पा, एवढा एकदा तरी सोडून द्या हो! गाठ आहे तिला, गाठ!”

“म्हणूनच,” दत्तात्रेय म्हणाले. “ऑपरेशनच्या कामाला अपशकुन करून जायचं?”

पुन्हा सोफा, पुन्हा मोरी, पुन्हा पाणी. पुन्हा उघडे दार. हुच्ची या वेळी कठड्यावर थांबली नाही; थेट पलीकडच्या गल्लीत गेली आणि शुक्रवारी पहाटे परतली. परत आली तेव्हा तिने दूधभाताला तोंड लावले नाही. गाठ चाचपायला गेलेल्या अंबूताईंच्या हातावर तिने पहिल्यांदाच पंजा उगारला.

दत्तात्रेयांच्या ध्यानात एक गोष्ट राहिली होती. तानूबाई रोज फुले घेऊन येते ती सकाळी, पूजेआधी. गुरुवारी ती ऑफिसच्या वेळेला आली. पूजा होऊन गेल्यावर फुलांचे काय काम? शुक्रवारी सकाळी तानूबाई फाटकात शिरताच त्यांनी तिला पायरीवर बसवले.

“तानूबाई, काल उशीर का केलात?”

“अंबूताईंनी सांगितलं, उद्याच्याला नवानंतर या म्हून.”

“आणि काय सांगितलं?”

तानूबाईने एकदा घराकडे पाहिले. “सायेब दारात दिसलं की इचारा म्हनल्या. कुठं निगालासा म्हून. मी म्हनलं, ताई, असं इचारू न्हाई. तर म्हनल्या, पाप लागलं तर मला लागंल, तुम्ही इचारा.”

मालतक्कांनीही मग कबूल केले. मंगळवारी सकाळी अंबूताईंनी भिंतीवरून तेवढेच काम सांगितले होते.

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात जे बोलणे झाले ते चौघांकडून सारखेच ऐकायला मिळते, कारण त्यात कोणी आवाज खाली ठेवला नाही.

“अक्का, हे तू केलंस?” दत्तात्रेयांनी विचारले.

“केलं. प्रश्न मी विचारायला लावला. दोन्ही वेळा.”

“आणि खिट्टी?”

“खिट्टी मी काढली नाही.”

“हे मी कसं मानायचं?”

“मानू नकोस. आठव. गुरुवारी तू तोंडात साखर घेऊन ओरडलास तेव्हा मी कुठे होते?”

दत्तात्रेयांनी आठवले. त्या फाटकात होत्या, तानूबाईच्या परडीतून शेवंती निवडत. मोरीवर जाताना त्यांनी बहिणीला तिथे पाहिले होते आणि मांजर सुटल्याची ओरड झाली तेव्हा ती तिथूनच आत आली. वकिलाला साक्ष द्यावी लागली, आणि ती बहिणीच्या बाजूने.

“मला पाचदहा मिनिटं हवी होती, दत्तू,” अंबूताई म्हणाल्या. “तुम्ही टेकलात की मी म्हणणार होते, मीही येते. निघाल्यावर म्हटलं की तू ऐकत नाहीस. पण दोन्ही वेळा मी म्हणायच्या आत कोणीतरी तिला सोडलं. ते कोण?”

“माझ्याकडे काय बघताय?” भार्गवी म्हणाली. “मी कशाला सोडीन? मला तर ती जायलाच हवी आहे.”

अंबूताईंनी भुवया उंचावल्या.

“डॉक्टरकडे,” भार्गवी म्हणाली. “डॉक्टरकडे जायला हवी आहे.”

“कळलं,” अंबूताई म्हणाल्या.

“काय कळलं, आत्या? सरळ बोला ना.”

“सरळच बोलते. मांजर पिंजऱ्यातून डॉक्टरकडे गेलं आणि आलं नाही, तर मी विचारणार, का आलं नाही. पण मांजर आपणहून गल्लीत पळालं आणि आलं नाही, तर कोणाला विचारणार?”

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आले. श्रीहर्ष म्हणाला, “आत्या, बास. सहावा महिना आहे तिला.”

“मग तू काढलीस का खिट्टी?”

“मी हळद लावत होतो!”

“ते तू सांगतोस. आणि दत्तू, तूही. पिंजऱ्यावरून जाऊन मोरीवर गेलेला तू एकटाच.”

“मी? मी कशाला सोडू?”

“बाळ्याच्या वेळचं पुन्हा सांगावं लागू नये म्हणून.”

दत्तात्रेय उठून आपल्या खोलीत गेले. खिट्टी कोणी काढली हे आजवर कोणी कबूल केलेले नाही.

तरी एक गोष्ट त्या बोलण्यातून ठरली. शनिवारी अंबूताई सोबत जाणार. लगेच दुसरी अडचण निघाली, आणि तीही दत्तात्रेयांनीच काढली: तिघांनी मिळून निघायचे नाही.

“तिघं कुठे? मांजर धरून चौघं,” अंबूताई म्हणाल्या.

“मांजर माणसात मोजत नाहीत.”

“गदगच्या लग्नाला तिघं गेला होतात तेव्हा?”

“तेव्हा सुपारी घेतली होती चौथी म्हणून.”

“मग आताही घे सुपारी. तिला तर आयतीच लागलीय पोटाशी.”

यावर भार्गवीसुद्धा हसली. पण दत्तात्रेय सुपारीवर येईनात. औषधपाण्याच्या कामाला सुपारी चालत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी श्रीहर्ष मागे राहिला. बहीण-भाऊ दोघे जाणार असे ठरले.

याचा एक परिणाम कोणी लक्षात घेतला नव्हता. हुच्चीला पिंजऱ्यात घालायचे काम अंबूताईंवर आले. मंगळवार आणि गुरुवारनंतर श्रीहर्ष खोलीत आला की हुच्ची दिसेनाशी होई. अंबूताईंनी यापूर्वी कधी तिला पिंजऱ्यात घातले नव्हते. त्यांनी आपले जुने पातळ आत अंथरले. मग नेहमीसारखे पलंगावर बसून हाक मारली. हुच्ची आली, मांडीवर चढली, गुरगुरू लागली. अंबूताईंनी तिला उचलले आणि मागच्या पायांनी आत सोडले. हुच्चीने पाय ताणले नाहीत, ओरडलीही नाही. आत वळून ती जाळीतून अंबूताईंकडे पाहत राहिली. अंबूताईंनी खिट्ट्या लावल्या, ओढून पाहिल्या आणि वरून परकराच्या नाडीची निरगाठ मारली. गाठ मारताना त्यांनी दिवाणखान्यातल्या तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

वाटेत कोणी काही विचारले नाही. मालतक्का भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

डॉ. नेत्रांचा दवाखाना स्वच्छ होता. बाई तरुण होत्या, मोजके बोलत होत्या. त्यांनी गाठ पाहिली, छातीचा फोटो काढला, फुप्फुसात काही उतरलेले दिसत नाही म्हणाल्या, आणि त्याच दुपारी गाठ काढली. गाठ तपासणीला जाईल, अहवाल यायला आठवडा तरी लागेल. मांजर रात्रभर दवाखान्यात राहील. रविवारी दुपारी न्यावे.

“रात्री मी इथे बसते,” अंबूताई म्हणाल्या.

“रात्री इथं कोणाला ठेवत नाही, आजी.”

“मांजर ठेवता ना?”

“मांजर ठेवतो.”

“मग ती आहे याचा पुरावा काय?”

डॉ. नेत्रांनी दत्तात्रेयांकडे पाहिले. दत्तात्रेय छताकडे पाहत होते. डॉक्टरीणबाई अंबूताईंना आत घेऊन गेल्या, हुच्ची ठेवली होती तो कप्पा दाखवला, आपला मोबाइल नंबर दिला. हुच्ची गुंगीत होती. जीभ किंचित बाहेर आली होती. अंबूताई तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास लागतो का पाहून आल्या. पिंजरा दवाखान्यातच ठेवला.

रविवारी हुच्चीला आणायला श्रीहर्ष आणि भार्गवी गेले. अंबूताईंना जायचे होते. पुन्हा तिघे होत होते. श्रीहर्षऐवजी मी जाते, असे त्या म्हणाल्या, तर गाडी कोण चालवणार? दत्तात्रेय चालवतील, तर त्यांची एका जुन्या पक्षकाराकडे पंगत होती. भार्गवीला आईकडे जेवायला जायचेच होते, दवाखाना वाटेवरच होता. सगळ्या गोष्टी एकमेकींत नीट बसत होत्या. अंबूताईंनी म्हटले की इतक्या नीट बसलेल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही. त्या दारापर्यंत गेल्या आणि काही न विचारता मागे फिरल्या.

दुपारी भार्गवीचा फोन आला: हुच्चीला घेतली, बरी आहे, टाक्यांना चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातलाय. आता आईकडे जेवायला जातोय.

संध्याकाळी सहाला गाडी दारात आली. श्रीहर्ष उतरला, मागचे दार उघडून त्याने पिंजरा काढला. तो एका बोटावर झुलत होता. अंबूताईंनी हे खिडकीतून पाहिले, आणि भरलेला पिंजरा असा झुलत नाही हे त्यांना सांगायला कोणाची गरज नव्हती.

“हुच्ची कुठाय?”

“आत्या, आधी ऐकून घे,” श्रीहर्ष म्हणाला. “डॉक्टर म्हणाल्या, चार दिवस उड्या मारता कामा नयेत. आपल्याकडे गच्ची, भिंत, फ्रिज. आईंकडे मागची खोली रिकामी आहे, खिडकीला जाळी आहे. त्या म्हणाल्या, राहू दे माझ्याकडे.”

“कोण म्हणाल्या?”

“आई,” भार्गवी म्हणाली.

“ज्यांना मांजर घरात नको, त्या?”

“माझ्या घरात नको म्हणाल्या, आत्या. त्यांच्या घरात चालतं. त्यांना काय दिवस गेलेत?”

अंबूताई हसल्या नाहीत. “फोटो दाखव.”

भार्गवीने मोबाइल पुढे केला. हुच्ची एका निळ्या चादरीवर बसली होती, गळ्यात भोंगा, डोळे अर्धे मिटलेले. मागे भिंत होती, बाकी काही नाही.

“ही चादर दवाखान्यातली आहे.”

“आईची आहे.”

“दवाखान्यातही निळीच होती. मी पाहिलीय.”

“निळ्या चादरी काय कमी असतात, आत्या?”

अंबूताईंनी मोबाइल परत दिला आणि श्रीहर्षच्या हातातल्या पिंजऱ्याकडे बोट केले. “चार दिवसांनी तिला आणणार ना?”

“हो, आणणार.”

“कशातून?”

श्रीहर्षला आधी प्रश्न कळला नाही.

“चार दिवसांनी ती तिथून इथे येणार, तर पिंजरा तिथे हवा. तो परत का आणला?”

श्रीहर्षने भार्गवीकडे पाहिले. भार्गवी म्हणाली, “त्यात ती घाण करून बसली होती. धुवायचा म्हणून आणला.”

अंबूताईंनी पिंजरा उजेडात नेला. आतले पातळ नव्हते. पिंजरा कोरडा होता आणि त्याला फिनाइलचा वास येत होता.

“धुतलेला आहे हा.”

“दवाखान्यात एकदा धुतला त्यांनी. आपण गरम पाण्याने धुवायचा,” भार्गवी म्हणाली. “तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का?”

“तुझा सासरा घेत नाही म्हणून.”

दत्तात्रेय पंगतीहून आले तेव्हा त्यांना सगळे सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे पडले की दोन्ही बाजूंना अर्थ आहे. अंबूताईंनी डॉ. नेत्रांना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो, मांजर दुपारी घरच्यांनी नेले. हो, उड्या मारू देऊ नका असे सांगितले. दुसऱ्या घरी ठेवा असे आपण सांगितले नाही, पण ठेवले तर हरकत नाही. मग सरस्वतीबाईंना लावला. त्यांनी उचलला. मांजर झोपलंय, उद्या सकाळी फोटो पाठवते, म्हणाल्या. आत्ता का नाही, असे अंबूताईंनी विचारले. आत्ता दिवा लावला तर जागं होईल, असे उत्तर आले. बाहेर तेव्हा अजून चांगला उजेड होता.

सोमवारी सकाळी फोटो आला नाही. साडेआठपर्यंत तीन फोन केले. एकही उचलला गेला नाही. भार्गवी म्हणाली, आई पूजेला बसली असेल. नऊच्या सुमारास अंबूताईंनी चपला घातल्या, धुतलेला पिंजरा उचलला, आत आपले दुसरे पातळ घडी करून ठेवले आणि रस्ता धरला. दत्तात्रेय दाढी करत होते. फाटकाचा आवाज ऐकून ते फेसाच्या तोंडाने बाहेर आले, पण त्यांना काही विचारता येईना. श्रीहर्षने गाडीने सोडतो म्हटले, तर त्या थांबल्या नाहीत. धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये मालतक्कांच्या सुनेने त्यांना पिंजरा मांडीवर घेऊन बसलेले पाहिले.

साडेदहाला दत्तात्रेय कोर्टाच्या आवारात होते तेव्हा अंबूताईंचा फोन आला. त्या केलगेरीला सरस्वतीबाईंच्या घरासमोर उभ्या होत्या. फाटकाला बाहेरून कुलूप होते. समोरच्या घरातले गृहस्थ म्हणत होते की सरस्वतीबाई काल रात्री आठच्या सुमारास भावाच्या गाडीतून बेळगावला गेल्या, तीनचार दिवसांसाठी. हातात काय होते, मांजर होते का, हे त्यांनी पाहिले नव्हते. बाजूच्या बोळातून दिसते, मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी आहे खरी, अंबूताई म्हणाल्या, पण खिडकी आतून बंद आहे. त्या हुच्चीला हाका मारून पाहत होत्या. शेजारी बांधकाम चालू होते, काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, आतून आवाज येतो की नाही ते कळत नव्हते.

दत्तात्रेयांनी घरी फोन लावला. श्रीहर्ष मीटिंगमध्ये होता, भार्गवीने उचलला.

“तुझी आई बेळगावला गेलीय?”

“बेळगावला? नाही हो अप्पा. मला काही बोलली नाही.”

“मांजर घेऊन गेली का?”

“मला खरंच माहीत नाही.”

ती खरे बोलत होती की नाही हे दत्तात्रेयांना आवाजावरून ठरवता आले नाही. साक्षीदारांचे आवाज ऐकण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. सरस्वतीबाईंचा फोन त्यानंतर बंद लागतो आहे.

त्यांनी बहिणीला पुन्हा फोन केला आणि मी येईपर्यंत तिथेच थांब, असे सांगितले. अंबूताई फाटकाजवळच्या पायरीवर बसल्या होत्या, पिंजरा शेजारी होता. समोरच्या गृहस्थांनी त्यांना चहा विचारला होता. त्यांनी चहा नको म्हटले आणि शिडी आहे का, विचारले. ते गृहस्थ शिडी आणायला आत गेले आहेत.